रेस्पिरेटरी थेरपीची पदवी करू का? (पदविका आहे, पाच वर्षं आयसीयूत काढलीत)

रातपाळी | मंगळवार, पहाटे ५:५०

नाइट संपत आलीये, हँडओव्हरला अजून तासभर आहे, म्हणून लिहून टाकते. घरी गेले की झोप आणि मग राहूनच जातं.

दोन वर्षांची पदविका करून नोकरीला लागले, त्याला पाच वर्षं झाली. व्हेंटिलेटर लावते, वीनिंग (म्हणजे पेशंटला हळूहळू यंत्रावरून सोडवणं) करते, एबीजी म्हणजे तपासणीला धमनीतलं रक्त काढते, नळीने कफ ओढायचं सक्शन, वाफेतून औषध द्यायचं नेब्युलायझेशन, कुणाचं हृदय किंवा श्वास थांबून कोड आला की अंबू, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, माझ्या हातात. हात बसलाय असं सगळेच म्हणतात.

गेल्या महिन्यात विभागात नव्या मुलांना तयार करण्याची जागा निघाली. ती एका मुलाला मिळाली. दीड वर्षापूर्वी सक्शन कॅथेटर कुठवर घालायचा आणि कुठे थांबायचं, हे त्याला मीच दाखवलं होतं. मुलगा चांगला आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही. त्याच्याकडे चार वर्षांची पदवी आहे, माझ्याकडे नाही, संपला विषय.

आता मला पदवीच्या थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दोन वर्षं अर्धी ड्युटी, अर्धा पगार. घराचे हप्ते चालू आहेत. नवरा म्हणतो कर. सासूबाई म्हणतात, "आता परत शाळा?" वय एकतीस.

विचारायचं एवढंच, की आज मला जे येत नाही असं पदवीने नेमकं काय येईल? की नुसता कागद?

खवचट | मंगळवार, सकाळी ८:१५

कागद. पुढचा प्रश्न.

पिंपळपान | मंगळवार, सकाळी ९:०२

खवचट, सकाळी सकाळी!

रातपाळी, मी नर्सिंगमधली, सतरा वर्षं झाली. तुमच्या लोकांबद्दल मला आदर आहे. रात्री अडीचला ट्यूब ब्लॉक झाली की डॉक्टरच्या आधी मी तुमच्यातल्याच कुणाला तरी हाक मारते. पण एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल तर मी सांगते. रेस्पिरेटरी थेरपिस्ट हा वेगळा पेशा म्हणून सगळीकडे नाहीच. अमेरिका, कॅनडा, फिलिपिन्समध्ये त्याला स्वतःची परीक्षा आहे, परवाना आहे. ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात गेलीस तर हीच कामं नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर आपापसांत वाटून घेतात, तुझ्या नावाची खुर्चीच नसते. नर्सिंग हा पेशा जगात सगळीकडे ओळखतात. पुढेमागे देश बदलायचा विचार असेल तर हे आधी तपास, बाकीचं नंतर.

कुंभक | मंगळवार, दुपारी १:४०

बावीस वर्षं याच कामात आहे. मीही पदविकेवर लागलो आणि पदवी केली छत्तिसाव्या वर्षी, तेव्हा वर्गातल्या मुलांनी मला पहिल्या दिवशी शिक्षक समजून गुड मॉर्निंग म्हटलं होतं.

पहिले सहा महिने रागच आला होता. वायूंचे आणि प्रवाहाचे नियम, बॉइल, डाल्टन, पॉइझय. मी म्हणायचो, हे करून मला कॅन्युला नीट लावता येणार आहे का? पण नळीचा व्यास निम्मा झाला की विरोध सोळापट होतो, हे पॉइझयच्या सूत्रातून स्वतः काढून पाहिलं, तेव्हा लहान बाळाच्या घशाला थोडी सूज आली तरी सगळे का धावतात ते कळलं. आधीही मी धावायचोच. का, ते माहीत नव्हतं.

आता जरा लांबचं सांगतो, वेळ असेल तर वाचा.

१९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओची साथ आली. मोठं आयर्न लंग, म्हणजे पेशंटला आत ठेवून श्वास चालवणारी पेटी, एकच, पेशंट शेकड्यांनी. श्वास बंद पडलेली माणसं मरत होती, आणि त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसत होतं. डॉक्टरांचा समज असा, की रक्त अल्कलीकडे झुकलंय, काहीतरी अगम्य अल्कलोसिस आहे. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने तोच आकडा पाहिला आणि म्हणाला, हा अल्कलोसिस नाहीच, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाहीये, म्हणून हे वाढलंय. म्हणजे श्वास अपुरा आहे. बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र करून त्याने नळी घातली आणि हाताने पिशवी दाबून श्वास दिला. मुलगी वाचली. पुढे कित्येक महिने सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत होते.

त्या विद्यार्थ्यांशिवाय माणसं वाचली नसती, हे खरंच. पण आकडा तोच, वाचणारा बदलला, आणि त्यावर सगळं फिरलं. तुला पदविकेने पिशवी दाबायला शिकवलं. माझ्या मते चांगल्या पदवीने आकडा वाचायला शिकवावं. वाईट पदवी दोन्ही शिकवत नाही, तेही सांगून ठेवतो.

खवचट | मंगळवार, दुपारी २:०५

कुंभकराव, गोष्ट झकास. पण हप्ते इब्सेन भरणार नाही.

हिशोब करू. दोन वर्षं अर्धा पगार म्हणजे एका वर्षाचा पूर्ण पगार गेला. पदवीनंतर पगार दहा टक्क्यांनी वाढला असं धरलं, तरी नुसती ती भरपाई व्हायला दहा वर्षं. फी वेगळी. आणि बेडसाइडला पदवी आणि पदविका एकाच पगारश्रेणीत असतील तर दहा टक्केही नाहीत, शून्य. आधी आस्थापना विभागात जाऊन तुमच्याकडे श्रेणी वेगळी आहे का, ते विचारा. मग कोपनहेगन.

रातपाळी | मंगळवार, रात्री ९:३०

खवचट, तुमचा हिशोब कडू असला तरी बरोबर आहे. उद्या विचारते.

कुंभकदादा, तुमचं वाचून दुपारी झोप लागली नाही. एक प्रसंग आठवला, तो इथे लिहूनच टाकते. मागच्या वर्षीचा.

दम्याचा पेशंट व्हेंटिलेटरवर. कार्बन डायऑक्साइड चढत होता म्हणून नव्या डॉक्टरने रेट, म्हणजे मिनिटाला द्यायचे श्वास, वाढवला. मला स्क्रीनवर दिसत होतं, श्वास बाहेर सोडतानाची फ्लोची रेघ शून्यावर यायच्या आधीच पुढचा श्वास आत जातोय. मी म्हटलं, सर, रेट कमी करा. ते म्हणाले, का? सीओटू वाढलाय, रेट कमी कसा करू? आणि मी काय म्हटलं माहितेय? "दम्यात असंच करतात."

पुढे बीपी पडायला लागलं. सिनियर आले, त्यांनी सर्किट (यंत्राच्या नळ्या) काढून छाती हलकेच दाबली, दर श्वासाला आत अडकत गेलेली हवा बाहेर गेली, बीपी वर आलं. मग रेट कमी केला. पेशंट वाचला. पण ती दहा मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. माझं उत्तर बरोबर होतं आणि मला ते पटवता आलं नाही.

डॉ. घुबड | मंगळवार, रात्री ११:५५

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा, आयसीयूत असतो. रातपाळी, त्या नव्या डॉक्टरच्या जागी मी कितीतरी वेळा होतो, म्हणून जरा माझंही ऐका.

राउंडवर मला हो म्हणणारा थेरपिस्ट नको असतो. मला अडवणारा हवा, आणि कारणासकट अडवणारा. उदाहरण देतो. पेशंट स्त्री, उंची १६० सेंमी, वजन ९० किलो, फुप्फुसं एआरडीएसने, म्हणजे तीव्र सूज येऊन पाण्याने, भरलेली. किलोमागे ६ मिली टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाची हवा, द्यायचा हे आता सगळ्यांना पाठ आहे. घाईत कोणीतरी ९० ला सहाने गुणतो, ५४० मिली. पण फुप्फुसं वजनाबरोबर वाढत नाहीत, उंचीवर ठरतात. तिचं उंचीवरून काढलेलं वजन येतं ५२.४ किलो, म्हणजे ३१४ मिली. ५४० देणं म्हणजे आजारी फुप्फुस दर श्वासाला ताणून फाडणं. २००० साली छापून आलेल्या अमेरिकन चाचणीत हाच प्रश्न होता. ८६१ पेशंट, एका गटाला किलोमागे १२ मिली, दुसऱ्याला ६. मृत्यू ३९.८ टक्के विरुद्ध ३१ टक्के. औषध नवं नव्हतं, फक्त नॉब कमी फिरवला होता.

मला हे आमच्या एका थेरपिस्टने फोनवर सुनावलं होतं, रात्री तीनला. त्याच्याकडे पदवी होती का? नव्हती. पदविकावालाच होता, पण वाचत असे. त्यामुळे पदवी केली की हे येतंच, असं मी म्हणणार नाही. पदवी घेऊन गप्प बसणारेही मी रोज बघतो. पण पाचजणांतल्या चौघांना कुणीतरी बसवून शिकवावं लागतं, आपणहून वाचणारा एखादाच. तुम्ही त्या चौघांतल्या की एकट्या, हे तुम्हालाच माहीत.

अर्धविराम | बुधवार, सकाळी १०:२०

धाग्यात मध्येच घुसते, रागावू नका. मी बारावी झालेय. मेडिकलला नंबर लागला नाही. काकांनी रेस्पिरेटरी थेरपीच्या पदवीचं सुचवलंय. वरचं सगळं वाचलं, निम्मं कळलं. माझा प्रश्न साधा आहे. हे काम म्हणजे डॉक्टरची सावली का? आणि रोज काय करावं लागतं?

आडवाटसरू | बुधवार, सकाळी ११:१०

अर्धविराम, मेडिकल हुकलं म्हणून येत असशील तर दुसऱ्या वर्षी कंटाळशील. आमच्या वर्गात असे बरेच होते. पोस्टिंगला डॉक्टरांचे कोट बघून सुस्कारे सोडायचे. जे टिकले ते यंत्राच्या आणि श्वासाच्या नादाला लागलेले.

रातपाळी | बुधवार, दुपारी ३:००

अगं रागवायचं काय त्यात. सांगते.

सावली नाही. डॉक्टर म्हणतो ऑक्सिजन द्या. किती, कशातून, किती वेळ आणि कधी कमी करायचा, हे बेडजवळ तू बघतेस. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या, पेशंटला सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) शंभर दिसलं की नातेवाईक खूश होतात, आणि तू मात्र ऑक्सिजन उतरवायला जातेस, कारण त्याला ८८ ते ९२ पुरे, जास्त दिला तर तो झोपाळू होत जातो. नातेवाईक तुझ्याकडे शत्रूसारखे बघतात. हे रोजचं.

बाकी, कफ. कुणी ब्रोशरमध्ये लिहीत नाही, पण या कामात कफ आहे. पिवळा, हिरवा, रक्ताचा, दोऱ्यासारखा. वास आहे. पहिल्या महिन्यात मी जेवू शकत नव्हते. मनगटाच्या धमनीत सुई घालून रक्त काढायचं असतं, आणि ते शिरेतून काढण्यापेक्षा जास्त दुखतं, पेशंट शिव्या घालतो.

आणि एक. पेशंट वाचणार नाही असं सगळ्यांनी ठरवल्यावर ट्यूब काढायला जो हात पुढे होतो तो बऱ्याचदा आपला असतो. यंत्र बंद करायच्या आधी अलार्म म्यूट करायचा, म्हणजे घरच्यांना शेवटचा आवाज तो नको. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, एका सिनियर ताईंनी केलेलं पाहिलं होतं.

एवढं वाचूनही यावंसं वाटलं तर ये. आधी एक रात्र कुठल्या तरी आयसीयूत नुसती उभी राहून बघ. परवानगी मागितली तर बरेच विभाग देतात.

पिंपळपान | बुधवार, दुपारी ३:२५

अलार्म म्यूट करण्याचं वाचून थांबले दोन मिनिटं.

आडवाटसरू | बुधवार, सायंकाळी ६:४५

रातपाळी, आयसीयू म्हणजेच सगळं असं धरून सगळे बोलतायत, म्हणून माझं. मी नऊ वर्षांनी बेडसाइड सोडलं. कंबर गेली. प्रोनिंग करून. दिवसाला सोळा तास पेशंट पालथा ठेवायचा, त्यासाठी दिवसातून दोनदा पाच माणसांनी मिळून उलटायचा, आणि डोक्याशी ट्यूब धरून मी.

आता फुप्फुस चाचणीच्या लॅबमध्ये आहे, आठवड्यातून दोन रात्री झोपेच्या लॅबमध्ये. लोकांना वाटतं स्पायरोमेट्री म्हणजे नळीत फुंकणं. निम्मं काम आवाजाचं आहे. "जोरात! फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका!" माणसाने अर्धवट फुंकलं तर यंत्र चुकीचा आकडा प्रामाणिकपणे छापतं. आणि मग निरोगी माणसाच्या हातात आजाराचा कागद. शिक्षकासारखा घसा बसतो माझा.

मुद्दा असा, की इकडे यायला माझ्याकडे पदवी मागितली. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्याही प्रशिक्षणाच्या कामाला पदवीवालाच घेतात, निदान माझ्या ओळखीच्या सगळ्या जागांवर. तू एकतीसची आहेस. पंचेचाळिसाव्या वर्षी पेशंट उलटवत बसायचं नसेल तर बाहेर पडायचा दरवाजा आत्ता तयार करून ठेव. खवचटच्या हिशोबात हे धरलेलं नाही.

खवचट | बुधवार, सायंकाळी ७:००

मान्य. कंबर धरली नव्हती.

रातपाळी | गुरुवार, रात्री ८:१०

आस्थापना विभागात जाऊन आले. खवचट बरोबर निघाले. बेडसाइडला दोघांची श्रेणी एकच. पण इन्चार्ज आणि प्रशिक्षक या दोन्ही जागांना पदवी सक्तीची, अनुभव कितीही असो.

मग कॉलेजकडून तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा अभ्यासक्रम मागवला. आणि इथे जरा हिरमोड झाला. प्रगत व्हेंटिलेशन आहे, नवजात शिशूंचं आहे, संशोधनपद्धती आणि सांख्यिकी आहे. पण व्यवस्थापन, संवादकौशल्य, संगणक परिचय असलंही बरंच आहे. संगणक परिचय! मी रोज चार मॉनिटर सांभाळते.

कुंभक | गुरुवार, रात्री १०:३०

संगणक परिचय आम्हालाही होता. मागच्या बाकावर बसून ग्राफ सोडवायचे.

अभ्यासक्रमाच्या यादीवर जाऊ नकोस, सगळ्या याद्या सारख्याच दिसतात. तीन-चार गोष्टी विचारून घे. क्लिनिकल पोस्टिंगचे तास किती आणि कुठे, म्हणजे नवजात शिशूंच्या आयसीयूत खरंच उभं करतात की वर्गातल्या बाहुलीवर भागवतात. शिकवणारे स्वतः थेरपिस्ट आहेत का, की दुसऱ्या विषयाचे डॉक्टर तास भरून जातात. आणि तुझ्या देशात परवान्याची परीक्षा किंवा नोंदणी जी असेल, तिला हे कॉलेज मान्यताप्राप्त आहे का. हे शेवटचं सगळ्यांत आधी, कारण मान्यता नसेल तर बाकीचं सगळं वाया. लेखी घे. तोंडी "होऊन जाईल" म्हणतात, त्यांना नमस्कार करून परत ये.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना बाहेर गाठ आणि विचार, गेल्या महिन्यात किती वीनिंग स्वतः केलं? उत्तर द्यायला वेळ लागला तर समज.

सांख्यिकीला मात्र नाक मुरडू नकोस. घुबडसाहेबांनी वर जे ३९.८ आणि ३१ लिहिलं, ते खरं की योगायोग, हे त्यातूनच कळतं. उद्या दुसरं कुणीतरी दुसरी चाचणी घेऊन येईल आणि म्हणेल की आता असं करा. तेव्हा "असंच करतात" म्हणणार की वाचून बोलणार?

डॉ. घुबड | गुरुवार, रात्री ११:२०

कुंभक, तुमचा पत्ता असता तर आमच्या विभागात खेचून आणलं असतं.

रातपाळी | रविवार, दुपारी १२:१५

दादा, विचारलं सगळं. मान्यता लेखी मिळाली. माझ्या दोन वर्षांपैकी दुसऱ्या वर्षी पोस्टिंग चांगलं आहे, पहिल्या वर्षी जेमतेम. शिकवणाऱ्यांत दोघी थेरपिस्ट आहेत. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला वीनिंगचं विचारलं तर तिने मलाच उलट विचारलं, "एसबीटी किती मिनिटांची करता तुम्ही, तीस की दोन तास? आणि का?" मला हसूच आलं. (एसबीटी म्हणजे यंत्राची मदत कमी करून पेशंट स्वतः श्वास घेतो का, हे बघणं.) तीस म्हटलं. का ते सांगता आलं नाही नीट.

फॉर्म भरलाय. यंदा नाही, पुढच्या सत्राला. तोवर एक कर्ज फेडून होतं, मग अर्ध्या पगारात निभेल. नवऱ्याने कोष्टक करून फ्रिजवर लावलंय. सासूबाई म्हणाल्या, शाळेत डबा कोण देणार? म्हटलं, तुम्ही.

कुणाकडे सांख्यिकीच्या सोप्या नोट्स असतील तर सांगा. दहावीनंतर गणिताशी बोलणं नाही.

अर्धविराम | सोमवार, सकाळी ७:४०

रातपाळीताई, तुमचं ऐकून काल रात्री गेले होते. आईच्या ओळखीतून एका आयसीयूत उभं राहू दिलं, दहा ते चार. कफ पाहिला. जेवले नाही.

एक विचारायचं होतं. सात नंबरच्या आजोबांचं यंत्र मध्येच मोठ्याने वाजायचं, दोनदा तीनदा, आणि आपोआप थांबायचं. मी घाबरून तिथल्या दादांकडे बघायचे. ते लांबूनच बघायचे आणि हसायचे, पळत कुणीच यायचं नाही. तो कसला आवाज होता?

रातपाळी | सोमवार, सकाळी ८:०५

आजोबा खोकत होते. नळीतला दाब चढला की वाजतं, खोकला थांबला की थांबतं. इतका जोर असेल तर त्यांची ट्यूब लवकर निघेल.

अर्धविराम | सोमवार, सकाळी ८:०९

उद्या परत जाऊ का बघायला?